बाळासाठी नोकरी सोडताना पीएफ आणि पेन्शनचं काय करायचं?

बाळंतपणाची रजा संपत येते. पाळणाघरांची चौकशी करून झालेली असते, आजी-आजोबा किती दिवस येऊन राहू शकतील याचा अंदाज आलेला असतो, आणि घरात ठरतं की काही वर्षं एकानं नोकरी थांबवायची. बहुतेक घरांत ते 'एक' म्हणजे आई असते, क्वचित बाबा. राजीनामा जातो, नोटीस पिरियड सुरू होतो आणि त्या गडबडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "पीएफ काढून घे. तिथे पडून काय करायचाय?"

हा लेख त्या सल्ल्याबद्दल आहे. चार-सहा वर्षं घरी राहिल्यानं म्हातारपणाची तरतूद कमी होते हे खरंच. पण निघताना खातं रिकामं केल्यानं ती त्याहून कितीतरी जास्त कमी होते. सुटलेली वर्षं परत आणता येत नाहीत, आधी जमलेलं राखणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात असतं.

पासबुकातले तीन रकाने

आपण 'पीएफ' म्हणतो त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. ईपीएफओचं (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं) पासबुक उघडलं की प्रत्येक महिन्यापुढे तीन रकमा दिसतात. समजा तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २५,००० रुपये आहे. त्याचे १२ टक्के, म्हणजे ३,००० रुपये तुमच्या पगारातून कापले जातात आणि पहिल्या रकान्यात जातात. कंपनीही तेवढेच ३,००० भरते, पण ते दोन ठिकाणी वाटले जातात. १,७५० दुसऱ्या रकान्यात, १,२५० तिसऱ्या, म्हणजे पेन्शनच्या रकान्यात. हे १,२५० येतात १५,००० च्या ८.३३ टक्क्यांमधून, कारण १ सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० आहे. पगार कितीही असो, साधारणपणे त्याच्या वर हिशोब जात नाही.

पहिले दोन रकाने तुमच्या मालकीचे पैसे. त्यावर दरवर्षी व्याज चढतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांना ८.२५ टक्के मिळालं. तिसऱ्या रकान्यावर व्याज कधीच चढत नाही. ती रक्कम 'कर्मचारी पेन्शन योजना १९९५' च्या सामाईक निधीत जाते आणि तिच्या बदल्यात तुम्हाला एका सूत्रानुसार पेन्शनचा हक्क मिळतो. तिसऱ्या रकान्याची बेरीज करून "एवढे माझे जमले" असं धरून चालणं बरोबर नाही.

काहींचा तिसरा रकाना कोराच असतो. ज्यांची पहिली पीएफची नोकरी १ सप्टेंबर २०१४ नंतर लागली आणि तेव्हाच मूळ पगार १५,००० च्या वर होता, ते या पेन्शन योजनेत येतच नाहीत; कंपनीचे सगळे १२ टक्के पीएफमध्येच जातात. तुमचं तसं असेल तर पेन्शनचा भाग सोडून पुढे वाचा, पण पीएफचा भाग तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा आहे.

पीएफ: हात न लावण्यातला फायदा

नोकरी सुटली की पीएफवरचं व्याज तीन वर्षांनी बंद होतं, असं अजूनही पुष्कळ जण सांगतात. बत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडलेल्या बाईच्या बाबतीत ते खरं नाही. खातं निष्क्रिय ठरण्याचा तीन वर्षांचा नियम पंचावन्ननंतर निवृत्त झालेल्यांना, कायमचं परदेशी गेलेल्यांना किंवा मृत सदस्यांच्या खात्यांना लागू होतो. तरुणपणी नोकरी सोडून खातं तसंच ठेवलं तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत व्याज जमा होत राहतं.

आता आकडा पाहा. बत्तिसाव्या वर्षी खात्यात ४ लाख आहेत. एक पैसा नव्यानं भरला नाही, फक्त ठेवून दिले आणि सरासरी ८ टक्के व्याज धरलं, तर २६ वर्षांनी त्याचे साधारण साडेएकोणतीस लाख होतात. हेच ४ लाख काढून घराच्या डाउन पेमेंटमध्ये घातले तर घर होतं, त्यावर बहुतेक वेळा दोघांची नावंही येतात, पण म्हातारपणी दर महिन्याला हातात पडेल असं काही उरत नाही. व्याजदर दरवर्षी ठरतो, त्यामुळे ८ टक्क्यांची हमी कुणी देत नाही. आणखी एक गोष्ट: नोकरी सुटल्यानंतर चढलेल्या व्याजावर आयकर लागतो. घरी असलेल्या आईचं स्वतःचं करपात्र उत्पन्न बहुधा कमीच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात भार थोडा किंवा शून्य येतो. पण विवरणपत्रात ते दाखवायला हवं.

उलट, एकूण सेवा ५ वर्षांच्या आत असताना पीएफ काढला तर काढलेली रक्कम करपात्र होते. आधीच्या कंपनीतला पीएफ नव्या कंपनीत ट्रान्सफर केलेला असेल तर तिथली वर्षंही या पाचांत धरली जातात. म्हणून जुन्या खात्यांची ट्रान्सफर राहिली असेल तर ती राजीनाम्याच्या आधीच उरकावी.

पेन्शन: दहा वर्षांची रेघ

तिसऱ्या रकान्याचं सूत्र सोपं आहे. पेन्शनसाठीचा पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, १५,००० च्या मर्यादेत. दहा वर्षांच्या सेवेला महिन्याला साधारण २,१४३ रुपये, वीस वर्षांच्या सेवेला ४,७१४. वीसच्या हिशोबात चूक नाही: वीस वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षं जादा धरतात. पेन्शन सुरू होते अठ्ठावन्नाव्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी होऊन.

किमान सेवा दहा वर्षांची लागते. सहा महिने किंवा अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षं झाली की दहा झाली. तुमची सेवा नऊ वर्षं दोन महिने झाली असेल तर राजीनाम्याची तारीख चार महिने पुढे ढकलण्याचा विचार जरूर करा. मात्र ते महिने पगाराचे हवेत. विनापगारी रजेत वर्गणी भरली जात नाही आणि ते दिवस पेन्शनच्या हिशोबातून वजा होतात. कायद्याप्रमाणे पहिल्या दोन मुलांसाठी मिळणारी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा या कामी येते. कंपनी पगार देत असेल तर त्या महिन्यांच्या पगार स्लिपवर पीएफची ओळ आहे ना, हे तेव्हाच पाहून घ्यावं. वर्षभरानं विचारलं तर कुणाला काही आठवत नाही.

ही दहा वर्षं सलग असावी लागत नाहीत, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. सहा वर्षं नोकरी, सात वर्षं घरी, मग पाच वर्षं नोकरी: बेरीज अकरा, पेन्शन लागू. मधली सात वर्षं काही कापून नेत नाहीत. इतकंच काय, सूत्रात शेवटच्या पाच वर्षांचा पगार धरतात, म्हणून सुरुवातीच्या सहा वर्षांत मूळ पगार ९,००० असला आणि परतल्यावर १५,००० झाला, तर १ सप्टेंबर २०१४ नंतरची सगळीच्या सगळी वर्षं १५,००० च्या भावानं मोजली जातात.

याला अट एकच. पहिली सहा वर्षं शाबूत हवीत.

दहा वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्यापुढे दोन पर्याय असतात आणि दोन्हींचा फॉर्म एकच, १०सी. त्यात 'विड्रॉल बेनिफिट' निवडलं की सेवेच्या दर वर्षामागे साधारण एका महिन्याचा, १५,००० च्या मर्यादेतला पगार हातात येतो आणि ती वर्षं कायमची पुसली जातात. 'स्कीम सर्टिफिकेट' निवडलं की पैसे येत नाहीत, पण तुमची सेवा, पगार आणि कुटुंबाची नोंद असलेलं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात. लवकरच परतायचं असेल तर काहीच अर्ज न करता नव्या कंपनीतून ट्रान्सफर करून घेतलं तरी चालतं. बराच काळ घरी राहायचं असेल तर सर्टिफिकेट घेऊन ठेवावं. दहा वर्षं ओलांडलेल्यांना पैसे काढण्याचा पर्यायच नसतो. त्यांनी सर्टिफिकेट घ्यावं आणि वेळ आली की फॉर्म १०डी भरून पेन्शन सुरू करावी.

पैसे काढण्यात एक छुपा तोटा आहे. परतताना मूळ पगार १५,००० च्या वर असेल आणि जुनं पेन्शन सदस्यत्व तुम्ही पैसे घेऊन संपवलेलं असेल, तर योजनेत पुन्हा प्रवेश नाही. जुनं सदस्यत्व जिवंत असेल तर पगार वर गेला तरी योजनेत राहता येतं.

इथे मला प्रामाणिकपणे एक हिशोब मांडायचा आहे, कारण "पेन्शनचे पैसे कधीच काढू नका" असं सरसकट सांगणं बरोबर नाही. समजा १५,००० वर आठ वर्षं झाली आहेत. काढले तर सव्वा लाखाच्या आसपास मिळतील. तेच पैसे लगेच पीपीएफमध्ये (कुणालाही उघडता येणाऱ्या सरकारी बचत खात्यात) टाकले आणि आजचा ७.१ टक्के दर कायम धरला, तर २६ वर्षांनी सव्वासात लाखांच्या वर होतात. पुढे नोकरी करून दहा वर्षं भरली, तर त्या आठ वर्षांमुळे मिळणारी पेन्शन महिन्याला सुमारे १,७१४ रुपये. अठ्ठावन्न ते ऐंशी मिळत राहिली तरी बेरीज साडेचार लाख. आणि ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. म्हणजे कागदावर पैसे काढणं सरस ठरतं.

पण कागदावरच्या त्या बाईनं २६ वर्षं त्या पैशाला हात लावलेला नाही. मुलाची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन, नव्या गाडीतला तिचा वाटा, यातलं काहीही त्या पीपीएफमधून भागवलेलं नाही. माझ्या पाहण्यात तरी काढलेला पीएफ असा कधी टिकत नाही. शिवाय पेन्शनमध्ये जे मिळतं ते सगळं महिन्याच्या रकमेत दिसत नाही. दहा वर्षं पूर्ण करून नोकरी सोडलेली सदस्य अठ्ठावन्नच्या आत गेली तरी तिच्या नवऱ्याला, आणि जास्तीत जास्त दोन मुलांना ती पंचविशी गाठेस्तोवर, दरमहा पेन्शन मिळते. ती स्वतः नव्वदीपर्यंत जगली तर नव्वदीपर्यंत मिळते. म्हणून माझं मत असं: पुन्हा पीएफ असलेल्या नोकरीत जाऊन एकूण दहा वर्षं भरण्याची बऱ्यापैकी शक्यता असेल तर सर्टिफिकेट घ्या. दोन-तीन वर्षांचीच सेवा आहे आणि यापुढे घरूनच शिकवण्या, शिवणकाम किंवा स्वतःचा व्यवसाय करायचा हे पक्कं आहे, तर तिसऱ्या रकान्याचे पैसे काढायला हरकत नाही, कारण तिथे त्यांच्यावर व्याज नाही. फक्त ते त्याच आठवड्यात स्वतःच्या नावाच्या पीपीएफमध्ये जायला हवेत. पहिल्या दोन रकान्यांना मात्र दोन्ही परिस्थितींत हात लावू नका.

सरकारलाही हे पैसे काढण्याचं प्रमाण खटकलेलं दिसतं. जुन्या नियमात नोकरी सुटून दोन महिने झाले की सगळं काढता येई, आणि लग्न, गरोदरपण किंवा बाळंतपणासाठी राजीनामा देणाऱ्या बाईला तर तेवढंही थांबावं लागत नसे. सवलत म्हणून दिलेला तो नियम बायकांना आपली तरतूद सर्वांत आधी मोडायला मोकळं करत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ठरवलं की पीएफचा पूर्ण हिशोब १२ महिन्यांनी आणि पेन्शनची रक्कम ३६ महिन्यांनी काढता यावी. पीएफमधला ७५ टक्के भाग मात्र आधी मिळू शकेल आणि २५ टक्के शिल्लक ठेवावे लागतील. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिताही लागू झाली आहे. त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी चालू नियम ईपीएफओच्या साइटवर एकदा वाचून घ्या.

नाव, तारीख, मोबाइल

आपल्याकडे पेन्शन अडते ती बहुधा नावावरून. नोकरी लागली तेव्हा बाईचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅन जुन्याच नावावर. बँकेत आडनाव आधी आणि नाव मागून. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात, मग कागदोपत्री त्या सरळ दोन वेगळ्या बायका होतात. नोकरीत असताना एचआरला सांगून हे दुरुस्त होतं. पंधरा वर्षांनी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते किंवा चाकणचा प्लँट बंद करून निघून गेलेली असते, आणि सही करायला कुणी सापडत नाही. जानेवारी २०२५ पासून, ज्यांचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारच्या आधारे निघाला आहे त्यांना नाव, जन्मतारीख अशा दुरुस्त्या कंपनीच्या मंजुरीशिवाय स्वतः करता येतात. जुन्या यूएएनवाल्यांनी शेवटच्या दिवसाच्या आत कंपनीकडून करून घ्याव्यात.

तसाच प्रश्न नोकरी सोडल्याच्या तारखेचा. कंपनीनं ती नोंदवली नाही तर पुढे ट्रान्सफर अडतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख पोर्टलवर स्वतःला टाकता येते. पोर्टलला जोडलेला मोबाइल नंबर कंपनीनं दिलेल्या सिमचा असेल तर तो बदला, कारण प्रत्येक ओटीपी तिथेच जाणार. पगाराचं खातं बंद होणार असेल तर दुसरं बँक खातं जोडा. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर नव्यानं करावं लागतं, तेही ऑनलाइन होतं.

ग्रॅच्युइटी पेन्शनमध्ये मोडत नाही, पण पाच वर्षांच्या उंबरठ्यावर असाल तर तारीख ठरवताना तीही पाहा. आणि लक्षात असू द्या की पीएफसोबत येणारं ७ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण नोकरीबरोबरच संपतं.

सरकारी नोकरी असेल तर

इथे सल्ला अगदी थोडक्यात: राजीनामा देऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते. जुन्या पेन्शनमधल्या शिक्षिकेनं सतराव्या वर्षी राजीनामा दिला तर सतरा वर्षांचं पेन्शन गेलं. रजा हा मार्ग आहे. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी आणि पुढचे ८० टक्के पगारावर. राज्य सरकारनं २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खातं राजीनाम्यानंतरही त्यांचंच राहतं, पण सरकारचा हिस्सा थांबतो.

घरी असतानाची वर्षं

वरच्या उदाहरणातली आई २५,००० मूळ पगारावर होती. नोकरी सुटली त्या महिन्यापासून तिच्या नावावर जमा होणारे पीएफचे ४,७५० आणि पेन्शनचे १,२५० मिळून ६,००० रुपये बंद झाले. एका पगारात घर चालेल का, हे ठरवताना तिचा हातात येणारा पगार सगळे धरतात, पाळणाघराचे वाचणारे पैसे धरतात, हे ६,००० कुणीही धरत नाही. ते धरायला हवेत. मूल दोघांचं आहे, एकानं घरी राहायचं दोघांनी ठरवलं आहे, तर कमावणाऱ्याच्या पगारातून घरी राहणाऱ्याच्या खात्यात दरमहा रक्कम जाणं हा त्या निर्णयाचाच खर्च आहे. त्यात उपकार नाहीत. घरी राहणारा बाबा असेल तर त्यालाही हेच लागू.

नोकरीशिवाय पीएफमध्ये भर घालता येत नाही, म्हणून दुसरं खातं लागतं. मोठा काळ आहे आणि बाजाराची चढउतार सोसते, तर एनपीएस. १ मे २००९ पासून ते सर्व नागरिकांना खुलं आहे, गृहिणीलाही, आणि वर्षाला १,००० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. आधीच्या कंपनीतून उघडलेलं एनपीएस असेल तर तोच प्रान (एनपीएसचा कायमचा खाते क्रमांक) चालू ठेवता येतो. सहा वर्षं दरमहा ५,००० भरले, म्हणजे एकूण ३ लाख ६० हजार, आणि नंतर वीस वर्षं तसेच राहिले, तर ८ टक्के परतावा धरून साधारण २१ लाख होतात. परताव्याची हमी नाही. आणि साठीनंतर यातल्या काही भागातून दरमहा पेन्शन घ्यावी लागते, जे आपल्या कामाचंच आहे. जोखीम नको असेल तर पीपीएफ: वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख. नवऱ्यानं दिलेल्या पैशांवर बायकोला मिळणारं उत्पन्न नवऱ्याच्या करात मिळवतात, पण पीपीएफचं व्याज करमुक्त असल्यानं तो प्रश्न येत नाही.

अटल पेन्शन योजना कमी पगाराच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या तरुण आईसाठी फार चांगली आहे. वय १८ ते ४०. तिसाव्या वर्षी सुरू केली तर महिन्याला ५७७ रुपये भरून साठीनंतर दरमहा ५,००० ची हमी. पस्तिसाव्या वर्षी त्यासाठी ९०२ लागतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४. तिच्यामागे नवऱ्याला तेवढीच पेन्शन मिळते आणि दोघांनंतर वारसाला ८ लाख ५० हजार. अट एक आहे आणि ती नीट वाचायला हवी: १ ऑक्टोबर २०२२ पासून जी व्यक्ती आयकर भरते किंवा पूर्वी कधी भरत होती, तिला नव्यानं सामील होता येत नाही. म्हणजे आज उत्पन्न शून्य असलं तरी नोकरीत असताना आयकर भरला असेल तर हे दार बंद.

परदेशात गेलेल्यांसाठी

आपल्याकडे मूल वाढवल्याची वर्षं सरकार पेन्शनमध्ये मोजत नाही. काही देश मोजतात, आणि तिथे राहणाऱ्या मराठी घरांतून हा हक्क निव्वळ अर्ज न केल्यामुळे सुटतो. ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलासाठी चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा दावा केला की घरी राहणाऱ्या पालकाला नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ते वर्ष पेन्शनसाठी वर्गणी भरल्यासारखं धरतात. पूर्ण सरकारी पेन्शनला अशी ३५ वर्षं लागतात, किमान १०. जोडीदाराचा पगार जास्त म्हणून भत्ता परत करावा लागणार असेल तरी फॉर्म भरायचा आणि 'पैसे नकोत' यावर खूण करायची; क्रेडिट तरीही मिळतं. दावा घरी राहणाऱ्याच्या नावे हवा. मात्र व्हिसावर सरकारी मदतीची मनाई असेल तर आधी त्याची चौकशी करावी. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं पेन्शनच्या सेवेत धरतात. तिथे किमान सेवा पाच वर्षांची आहे, त्यामुळे दोन मुलं तिथे वाढवलेल्या आईची किमान अट एकही दिवस नोकरी न करता पूर्ण होते. फक्त ती वर्षं पेन्शन विमा संस्थेकडे नोंदवून घ्यावी लागतात. अमेरिकेत असं क्रेडिट नाही आणि भारताचा अमेरिकेशी सामाजिक सुरक्षा करारही नाही. एच-फोर व्हिसावर (तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) गेलेल्यांनी म्हणूनच भारतातलं पीएफ खातं मोडून जाऊ नये.

परत नोकरी लागली की

रुजू होण्याच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात फॉर्म ११ असतो. त्यात विचारतात की तुम्ही आधी पीएफचे आणि १९९५ च्या पेन्शन योजनेचे सदस्य होता का. दोन्हींपुढे 'हो' लिहा, जुना यूएएन द्या, सर्टिफिकेट असेल तर त्याचा क्रमांक द्या. घाईत 'नाही' लिहिलं गेलं की नवा यूएएन निघतो, जुनी वर्षं वेगळी पडतात आणि मूळ पगार १५,००० च्या वर असेल तर तुम्हाला नवखं समजून पेन्शनचा रकाना कोराच ठेवला जातो. दुसऱ्या पगारानंतर पासबुक उघडून पाहा. तिसऱ्या रकान्यात १,२५० दिसले नाहीत तर त्याच आठवड्यात एचआरला लेखी विचारा, ईमेलनं.